नावांचं माहेर

ती जागा रिकामी आहे, हे पटवाऱ्याला मी सांगितलं. त्यानं विचारलं होतं, हे खरं. पण मला विचारलं नव्हतं.

जबलपूरजवळ, तिलवाऱ्याला नर्मदेच्या काठी, नागपूरच्या रस्त्यावरच्या पुलापासून जरा वर, नावाड्यांची वस्ती आहे. वस्तीची घरं आणि पाणी यांच्यामध्ये एक लांबट, उतरती पट्टी. हिवाळ्यात तिथं वाळू, थोडे दगड आणि स्वतःच्याच विचारात असलेली एखादी शेळी, याखेरीज काही नसतं. जमिनीची नोंद करायला आलेला पटवारी त्या पट्टीच्या कडेला उभा राहून वस्तीतल्या लोकांना म्हणाला, "यहाँ क्या होता है?" आता कुणी बोलायचं म्हणून लोक एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात मी पुढं झालो. "कुछ नहीं जी. खाली पड़ी है." त्यानं वाळूतल्या काळ्या डागांकडं बोट दाखवलं. "और ये?" मी जराही अडखळलो नाही. "होली जलती है यहाँ."

चांगले लांबट, एका ओळीत पसरलेले डाग होते ते. एवढ्याशा वस्तीला इतक्या होळ्या कशाला लागतात, हा प्रश्न मला पडला नाही. पटवाऱ्यालाही पडला नाही, पण त्याला निदान परतायची घाई होती.

आणि नोकरीभर मी काय होतो, तर संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस. भिंगातून बघायचं, केसाएवढी भेग दिसली तरी माल नापास करायचा. त्यामुळं आपली नजर बारीक आहे असा माझा समज, आणि निवृत्त झाल्यावर तो समज कुरवाळायला वेळही भरपूर. वडील वर्ध्याकडून इथं नोकरीला आले तेव्हा नागपूर नि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यांची फेरमांडणी झाली. वडील म्हणायचे, "आपण जागचे हललो नाही, नागपूरच उठून तिकडं गेलं." जागचं न हलणं हा आमच्या घराण्याचा एकमेव पराक्रम. पुढं तो मला असा उपयोगी पडेल याची त्यांना कल्पना नव्हती.

निवृत्त माणूस दिवसभर घरात दिसायला लागला की बायकोला घर लहान वाटतं. "काहून इथंच बसून राहिले? जा न कुठं तरी," असं ती रोज सकाळी म्हणे, आणि मी स्कूटर काढून तिलवाऱ्याला जाई. तिथं काकीच्या नावेत बसायचं, या काठावरून त्या काठावर जायचं, आणि वाटेत जगाबद्दल मतं द्यायची. काकी ती ऐकून घ्यायची. वल्ही तिच्याच हातात असल्यामुळं तिला फार फरक पडत नसे.

काकी सगळ्यांचीच काकी. उंच, हडकुळी, पदर कमरेला खोचलेला, गालात तंबाखूची गोळी. माहेर बालाघाटकडचं, म्हणून मराठी तिला येई; सासर इथलं, म्हणून त्या मराठीला जबलपुरी हिंदीची फोडणी. नवरा गेल्यावर नाव तिनंच हातात घेतली आणि पोरं मोठी झाल्यावरही सोडली नाही. नागपूरकडची मंडळी अस्थी घेऊन येत, ती बहुतेक तिच्याच नावेत बसत. मी पाहिलंय, अशा माणसाशी ती मधल्या धारेपर्यंत एक शब्द बोलत नसे. विसर्जन झालं की नाव लगेच वळवायची नाही. थोडी सोडून द्यायची, पाण्याच्या मनाप्रमाणं. मग हळूच विचारायची, "जेवले का सकाळपासून?" आणि तो माणूस, जो स्मशानातून कोरडा आला होता, तो तिथं रडायचा. मला एवढं शहाणपण आजवर कुठल्या शाळेत शिकवलेलं दिसलं नाही.

परदेशी जोडपं आलं ते एका हिवाळ्यात. हॉलंडचे. नवरा आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, बायको सुईणपण करून. भेडाघाट बघायला म्हणून आले, एका नावाड्याच्या घरातली नदीकडची खोली भाड्यानं घेतली आणि होळीपर्यंत हललेच नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा आले. वस्तीनं त्यांची नावं ठेवली ट्रामदादा आणि मेमबाई. दुभाष्याची जागा रिकामी होती, ती मी कुणी न सांगता भरली. माझं इंग्रजी कारखान्यातलं. त्यात पास, नापास आणि दुरुस्त करून परत पाठवा, एवढे तीन भाव येतात. संसार त्यात बऱ्यापैकी बसतो.

त्या दोघांच्या मागोमाग आणखी काही आले. सगळे पांढऱ्या केसांचे, सगळ्यांना थंडीतून पळायचं होतं. वस्तीत बदल होऊ लागले. नदीकडच्या खोल्यांना चुना लागला, खिडक्यांना जाळ्या आल्या. पोरींना स्वयंपाकाचं, धुण्याचं काम मिळालं आणि एकीनं त्यातून शिवणयंत्र घेतलं. चहाच्या टपरीवर पास्ता मिळू लागला. काकी त्याला शेवयांचा मोठा भाऊ म्हणे. वाईटही झालं. ज्या खोल्यांतून नदी दिसे, त्या भाड्याला गेल्या, आणि घरची माणसं मागं सरकली. इतकी हळूहळू, की सरकणाऱ्यांनाही कळलं नाही.

मेमबाईला कळलं. एके दिवशी ती मला म्हणाली, घरमालकाला विचारा, माझ्या खोलीत आधी कोण राहत होतं.

मी विचारलं. तो म्हणाला, "अम्मा."

"आता कुठं आहे?"

"पीछे."

मागं म्हणजे म्हशीच्या शेजारी. मेमबाई जाऊन बघून आली. दुसऱ्या दिवसापासून म्हातारीची खाट दुपारभर खिडकीशी, आणि दोघी समोरासमोर बसून मटार सोलताहेत. जबलपूरचा हिवाळा म्हणजे मटारच. एक डच बोलायची, दुसरी बुंदेली, आणि मी दुभाष्या म्हणून गेलो तर दोघींनी मला मटाराची टोपली पुढं केली.

तर अशी जागा. ती कॉलनायझरच्या नजरेला पडायचीच. जमिनीचे तुकडे पाडून वसाहती उठवणाऱ्याला आमच्याकडं बिल्डर म्हणत नाहीत, कॉलनायझर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की इंग्रज परत आले असं वाटतं. हा माणूस मात्र मऊ बोलणारा, चांगला होता. त्याला नदीकाठी, वस्तीपुढच्या त्याच पट्टीवर, निवृत्त लोकांसाठी कुटिरं बांधायची होती. परदेशी माणसाला इथं जमीन विकत घेता येत नाही, म्हणून त्यांना लांब मुदतीच्या भाड्यानं. शिवाय ज्यांची मुलं परदेशात आहेत असे आईबाप होतेच. त्यानं रस्त्यावर मोठी पाटी लावली. पाटीवर ट्रामदादा आणि मेमबाई हसत होते. फोटो कुणी, कधी काढला, त्यांनाही माहीत नव्हतं.

मला त्यानं सदर बाजारात नेऊन कॉफी पाजली. म्हणाला, "भाऊसाब, आप तो दोनों तरफ़ के आदमी हैं." दोन्हीकडचा माणूस. कारखान्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिथं मी दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस होतो. मी फुगलो. पटवारी आला त्या दिवशी मी तिथं होतो, तो त्या फुगलेल्या अवस्थेत.

पटवारी गेल्यावर काकी डब्यानं नावेतलं पाणी उपसत होती. उपसता उपसता म्हणाली, "भाऊसाब, तुम्ही गर्मीत कधी आले का इकडं?"

"गर्मीत कोण येते काकी? वैशाखात मी कूलरसमोरून उठत नाही."

"ते समजलं," काकी म्हणाली. "लेक सासरी राबते. मग तिला कधी तरी माहेरी आणतात का नाही?"

"आणतात न."

"कुठं ठेवतात? रस्त्यावर?"

मला काही समजेना. मग तिनं डबा खाली ठेवला आणि सांगितलं. वैशाखात पाणी उतरलं, गिऱ्हाईक आटलं, की वस्तीतल्या सगळ्या नावा ओढून त्या पट्टीवर आणतात आणि पालथ्या घालतात. फळ्यांच्या भेगांत कापूस आणि सुतळी ठोकतात, वरून डांबर फासतात. नाव पालथी झाली की ती माहेरी आली. तेवढे दिवस तिला कुणी कामाला लावत नाही, कुणी तिला ओलांडत नाही, तिच्या पाठीवर कुणी बसत नाही. पाऊस जवळ आला की कुंकू लावून, ओटी भरून तिला पुन्हा पाण्यात सासरी धाडतात. माहेर झालं नाही तर नाव दोन पावसाळे काढत नाही, कुजते. आणि सगळ्या काठावर एवढी एकच जागा अशी, जिथून नाव ओढता येते; बाकी सगळा खडक.

"मग ते काळे डाग," मी म्हणालो.

"होळीचे," काकी म्हणाली.

मेमबाई ओट्यावरून हे बघत होती. काय झालं, असं तिनं मला विचारलं. मी दुभाष्या असल्यामुळं माझीच गोष्ट मला सांगावी लागली. मी म्हणालो, इथल्या एका स्थानिक माणसानं पटवाऱ्याला चुकीची माहिती दिली. कोण माणूस, तिनं विचारलं. मी म्हणालो, आहे एक, फारसा महत्त्वाचा नाही. काकीला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा येत होता. ती म्हणाली, "पूरा बताओ भाऊसाब." मग मी पूरा बताया. मेमबाईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याच नजरेनं ती बाळाच्या बापाकडं बघत असावी, जेव्हा तो ऐन वेळी दारात मध्ये उभा राहतो.

पट्टीवर खुणेचे खांब रोवले गेले. मग कळलं की संक्रांतीच्या दिवशी तहसीलदार स्वतः जागा पाहायला येणार, आणि त्याच दिवशी कॉलनायझर आपले पाहुणे घेऊन येणार; जत्रा असते, नदी छान दिसते. तिलवाऱ्याची संक्रांत म्हणजे अख्खं जबलपूर आणि आजूबाजूची खेडी तीळ लावून नदीत उतरतात. त्या दिवशी नावेला उसंत नसते. त्या एका दिवसावर वस्तीची पुढं कितीतरी दिवस चूल पेटते.

टपरीपुढं सगळे जमले. कुणी म्हणालं, कलेक्टरकडं जाऊ. कुणी म्हणालं, खांब उपटू. मीही एक मत दिलं, ते कुणी ऐकलं नाही, म्हणून इथंही देत नाही. काकी शेवटी बोलली.

"नावा माहेरी आणू."

"आत्ता? पूसाच्या थंडीत?"

"संक्रांतीला."

ज्याच्या घरी पोरीचं लग्न काढलं होतं तो नावाडी जमिनीकडं बघत राहिला. काकीनं त्याच्याकडं बघितलं नाही, नदीकडं बघून म्हणाली, "लेक अवेळी माहेरी आली, तर मोहल्ला विचारतो का नाही, काहून आली म्हणून? विचारू द्या. सगळं जबलपूर येते त्या दिवशी. विचारू द्या त्यांना."

मला आजही वाटतं, नेमकं एवढंच कुणाला सुचायला हवं होतं, आणि ते तिला सुचलं. मोर्चा नाही, घोषणा नाही. आपलं जे आहे तेच करायचं, फक्त अवेळी.

लग्नघराचा तो नावाडी उठला, म्हणाला, "डांबर आणावं लागेल." म्हणजे ठरलं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती माझ्या चुकीवर काही बोलली नाही, तिला तिचं नावीन्य वाटलं नसावं. एवढंच म्हणाली, "संक्रांतीला माहेरवाशीण आली अन् हळदीकुंकवाशिवाय जाईल का?" आणि मराठी मंडळातल्या बायकांना फोन करायला बसली. त्या वर्षी वाण म्हणून तिनं चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. मी म्हणालो, नावेला गाळणी काय करायची. "गळते न ती," बायको म्हणाली, "तिला उपयोग नाही तर कोणाला?"

आता माझं काय, हा प्रश्न राहिला. खरं सांगायचं तर कॉलनायझरला मी अजून नाही म्हटलं नव्हतं. पाहुण्यांना समजावून सांगायला त्यानं मला बोलावलं होतं, चांगले कपडे घालून या असंही म्हणाला होता. मनात मी अजून दोन्हीकडचा होतो. काकीला विचारलं, माझ्याकडं काय काम? ती म्हणाली, "तुम्ही काही करू नका. फक्त गप बसा."

संक्रांतीच्या सकाळी मी सेवानिवृत्तीच्या दिवशीचा राखी सूट घालून गेलो. सदरच्या शिंप्यानं शिवलेला, आयुष्यातला एकच. धुकं उतरत होतं आणि त्यातून ती पट्टी दिसली. सगळ्या नावा पालथ्या, एका ओळीत, काळ्या, ओल्या, चकाकत्या. पाठीवर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची फुलं, आणि प्रत्येकीपुढं एक गाळणी. रात्रभर वस्तीतल्या बायकापुरुषांनी त्या ओढल्या होत्या. नुसत्या पालथ्या घालून भागलं असतं. पण काकी म्हणे, माहेरी आणली आणि न्हाऊ घातलं नाही, असं कसं. म्हणून डांबरसुद्धा. मी पुलावरून कितीतरी वेळा तो काठ पाहिला होता. भरलेला आज पहिल्यांदा पाहिला.

जत्रा लोटली. लोक तीळ लावून, डुबकी मारून वर येत आणि विचारत, "नावें कहाँ हैं?"

"मायके गई हैं," वस्तीतली पोरं सांगत.

"अभी? काहे?"

मग सगळं सांगितलं जाई. पुरुषांना थोडा वेळ लागे. बायकांना लागत नसे. कुठल्या कुठल्या खेड्यांतल्या बायका ओल्या लुगड्यांनी पट्टीवर येऊ लागल्या, नावांना तीळ वाहू लागल्या. एक म्हातारी एका नावेशी वाकून म्हणाली, "काय बिटिया, का हो गओ?" आणि उत्तराची वाट बघत थांबली. दुपारपर्यंत ही बातमी जत्राभर झाली. नाव मायके आई है.

उभं राहून माझे गुडघे बोलायला लागले होते. मागं बघितलं, काहीतरी उंचवटा होता. बसलो.

नावेच्या पाठीवर बसायचं नसतं, हे मला सांगितलेलं होतं. थंडीत डांबर लवकर सुकत नाही, हेही कारखान्यात काम केलेल्या माणसाला ठाऊक असायला हरकत नाही. आणि दुपारच्या उन्हात ते पुन्हा मऊ होतं. पण मी गर्दी बघत होतो, आणि खरंच गप होतो.

कॉलनायझर आला. बरोबर तहसीलदार, पटवारी आणि पाहुणे. काही परदेशी, काही आपलेच, परदेशात मुलं असलेले. पट्टी बघून तो थबकला. मग मी दिसलो तसा त्याचा चेहरा उजळला. "भाऊसाब, ज़रा आइए, मेहमानों को समझाइए."

मी उठायला गेलो. आधी वाटलं गुडघे. मग कळलं, मी तयार आहे, सूट तयार नाही.

"मैं उठ नहीं सकता," मी म्हणालो.

मागं कुजबुज झाली. "सुना? भाऊसाब कह रहे हैं, नहीं उठेंगे."

तहसीलदार सज्जन होता. म्हणाला, "आप बुज़ुर्ग हैं, धूप में बैठे हैं. कुर्सी मँगवा दें?"

"कुर्सी पर बैठने के लिए भी यहाँ से उठना पड़ेगा जी," मी म्हणालो. यात माझ्या बाजूनं काहीही नव्हतं, निव्वळ माहिती होती. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मेमबाई जवळ आली. वाकून बघितलं, आणि हळूच विचारलं, निघत नाही का. मी मान हलवली. तिनं आयुष्यभर वापरलेल्या त्या शांत आवाजात सांगितलं, "जोर लावू नका."

मग ती माझ्या शेजारी उभी राहून पाहुण्यांशी बोलली. फार नाही. म्हणाली, मी ज्या खिडकीत बसते ती एका आजीची होती; मला हे एक वर्ष उशिरा कळलं. तुम्हाला आजच कळतंय, तुम्ही नशीबवान. पाहुण्यांतली एक बाई खाली बसून नावेच्या भेगेतला कापूस बोटानं चाचपू लागली.

तहसीलदारानं पटवाऱ्याला विचारलं, "ज़मीन तो खाली बताई थी?"

पटवाऱ्यानं बोट माझ्याकडं केलं. "इन्होंने ही कहा था, सर."

सगळी जत्रा माझ्याकडं बघतेय असं मला वाटलं. पळून जावं असा क्षण होता, आणि त्याची सोय नव्हती. ओळीच्या टोकाला काकी उभी होती, हातभर डांबर, गालात तंबाखू. तिनं मला वाचवायचा प्रयत्न केला नाही, बुडवायचाही नाही. मी म्हणालो, "गलत कहा था जी. मैं गर्मी में यहाँ आता नहीं. और वो होली नहीं थी."

दोन्हीकडचा माणूस मी त्या वाक्यापर्यंतच होतो. खरं तर बसलो तेव्हाच संपलो होतो, पण तोंडानं म्हणायचं राहिलं होतं.

तहसीलदारानं थोडा विचार केला. मग काकीला विचारलं, या नावा नेहमी कधी येतात इथं. "बैसाख में, साहब." तो म्हणाला, तर मग जागा बैसाखातच बघावी लागेल. जाताना कॉलनायझरनं एका गाळणीला पाय लागू नये म्हणून वळसा घातला, हे मी पाहिलं.

सगळे गेल्यावर मला सोडवायचा कार्यक्रम झाला. घासलेट आणलं, चिंध्या आणल्या, शेवटी कात्री. बायको म्हणत होती, "काहून बसले बाप्पा तिथं? एवढी जागा होती." काकी कात्री चालवता चालवता म्हणाली, "माहेरवाशिणीच्या पाठीवर बसले. तिनं धरून ठेवलं." बायकोची शाल कमरेला गुंडाळून मी स्कूटरवर मागं बसलो, पुढं ट्रामदादा. ट्राम चालवणाऱ्या माणसाच्या मागं जबलपुरात बसू नये. तो वळणंच घेत नाही.

त्या दिवसाची कमाई वस्तीनं पाण्यात सोडली, आणि त्याबद्दल पुढं कधी कुणी माझ्यासमोर अवाक्षर काढलं नाही. लग्न ठरल्या तिथीला झालं, जेवणावळ तेवढी लहान. ज्यांनी सोसलं त्यांनी बोलून दाखवलं नाही, ही गोष्ट मला त्या पालथ्या नावांपेक्षाही मोठी वाटते.

वैशाखात तहसीलदार खरंच आला. मीही गेलो, कूलर सोडून, छत्री घेऊन. पट्टीवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं बघितलं, घाम पुसला, आणि ती पट्टी योजनेतून वगळली. कुटिरं झाली, पण वर, टेकाडावरच्या आंब्यांपाशी. तिथं आता हिवाळ्यात बरेच निवृत्त लोक असतात. त्यांच्यामुळं भाजी महागली आणि वस्तीतल्या चार घरांना रोजची कामंही मिळाली. काकी दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगते. वैशाखात थांबलेले एक-दोन परदेशी डांबर फासायला खाली उतरतात. त्यांना पहिली गोष्ट सांगितली जाते ती म्हणजे कुठं बसायचं नाही. उदाहरण देऊन सांगितली जाते.

पण वर्तमानपत्रात फोटो आला होता: पालथ्या नावेवर ताठ बसलेला सूटातला वृद्ध, मागं जत्रा. त्या फोटोवर मी जवळजवळ वर्ष काढलं. सराफ्यात एका दुकानदारानं ओळखून पाणी विचारलं. पुढच्या संक्रांतीला मराठी मंडळानं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "या वयात," ते म्हणाले, "उन्हातान्हात, तहानभूक विसरून, अधिकाऱ्यांसमोर हे बसून राहिले. जागचे तसूभर हलले नाहीत." मी नम्रपणे खाली बघितलं. वडिलांची आठवण झाली. बायको पंख्याकडं बघत होती.

तिनंच काकीला आग्रहानं बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, यांच्या निर्धाराबद्दल काकींनीही दोन शब्द बोलावेत. काकी उठली. माइक तिच्या उंचीला पुरेना, तसा तिनं तो काढून हातात घेतला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "बसले कुठं? चिकटले होते. पँटीचा तुकडा अजून आहे माझ्या नावेला, ज्याला पाहायचा असेल त्यानं यावं."